लाल तंबूतली रजा

बायबलमधल्या उत्पत्तीच्या ३४व्या अध्यायात ३१ वचनं आहेत. याकोब आणि लेआ यांची मुलगी दीना त्या मुलखातल्या मुलींना भेटायला म्हणून घराबाहेर पडते. तिथल्या सरदाराचा, हमोराचा, मुलगा शखेम तिला पाहतो, धरून नेतो, तिची अब्रू घेतो. मग तिच्यावर त्याचा जीव जडतो आणि तो बापाकरवी रीतसर मागणी घालतो. दीनाचे भाऊ वरकरणी होकार देतात. अट एकच, गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी सुंता करून घ्यायची. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, माणसं वेदनेने विव्हळत पडलेली असताना, शिमोन आणि लेवी तलवारी घेऊन गावात शिरतात आणि एकही पुरुष जिवंत ठेवत नाहीत. या सगळ्यात हमोर बोलतो, शखेम बोलतो, भाऊ बोलतात, शेवटी याकोबही बोलतो, तेही आता शेजारपाजारच्या लोकांत आपली काय किंमत राहिली, या काळजीने. दीना एक अक्षर बोलत नाही. पुढे मिसरला गेलेल्या कुटुंबाच्या नामावळीत तिचं नाव एकदा येतं, तेवढंच.

अनिता डायमंट या अमेरिकी लेखिकेने १९९७ साली ‘द रेड टेंट’ ही कादंबरी लिहिली ती या मुक्या दीनाला वाचा देण्यासाठी, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक नाही. पण पौराणिक कथेतल्या मुक्या बायकांना बोलतं करणाऱ्या कादंबऱ्या ढिगाने आहेत, आपल्याकडेही कमी नाहीत, आणि त्यातल्या पुष्कळशा पन्नास पानांनंतर भाषण वाटू लागतात. ही वाटत नाही. का वाटत नाही, हे शोधायचं तर दीनाकडे बघण्याआधी लेखिकेच्या लिहित्या टेबलाकडे बघायला हवं.

डायमंट बॉस्टनच्या पत्रकार. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात घर, नवरा, एक मुलगी. मासिकांत आणि वर्तमानपत्रांत त्या ज्या विषयांवर स्तंभ लिहीत ते विषय म्हणजे लग्न, मुलं, मैत्रिणी, सणवार, घरातल्या कुरबुरी. याच स्तंभांचं पुढे २००३ मध्ये ‘पिचिंग माय टेंट’ नावाचं पुस्तक निघालं. तंबू काही सुटला नाही. कादंबरीआधीची त्यांची पुस्तकं तर आणखी बोलकी आहेत. १९८५ साली आधुनिक ज्यू लग्नाविषयीचं पुस्तक, मग बाळाच्या बारशापासूनच्या विधींचं, मग ज्यू घर कसं चालवावं याचं. आजीच्या हाताखाली शिकायची संधी न मिळालेल्या शहरी जोडप्यांना आता काय करायचं असतं, ते का करतात, आपल्याला जमेल तसं कसं करावं, हे समजावून सांगणारी ही पुस्तकं. आपल्या परंपरेत याला गृह्यसूत्र म्हणतात. तर चाळिशीच्या आसपास पहिली कादंबरी लिहायला बसलेली ही बाई गृह्यसूत्रं लिहून हात बसलेली बाई होती, आणि ते करताना एक घर चालवत होती.

आता कादंबरी उघडा. पहिला सगळा भाग दीनाच्या जन्माआधीचा आहे: तिच्या आयांच्या गोष्टी. आया, अनेकवचनी. लेआ, राहेल, जिल्पा, बिल्हा. बायबलात शेवटच्या दोघी दासी आहेत. इथे त्या लेआ-राहेलच्या बापाच्या, लाबानाच्याच, वेगवेगळ्या बायकांच्या पोटच्या मुली आहेत. म्हणजे एका नवऱ्याच्या चार बायका, आणि चौघी बहिणी. एका चुलीभोवती चार स्वभाव उभे राहतात. लेआ रांधणारी, बिअर गाळणारी, मोजमाप आणि हिशेब पाठ असलेली. राहेल देखणी, हट्टी, मूल होत नाही म्हणून कडवट झालेली आणि शेवटी दुसऱ्यांची बाळंतपणं करण्यात स्वतःला सापडलेली. जिल्पा देवदेवतांच्या नादात हरवलेली. बिल्हा हळवी, अबोल. बायबल या चौघींची गोष्ट कुणाला किती मुलगे झाले या हिशेबाने सांगतं. डायमंट ती कोण काय शिजवतं, कोण कुणाच्या पाठीला तेल लावतं, कोण कुणाशी किती दिवस बोलत नाही, या हिशेबाने सांगतात.

लेआच्या डोळ्यांचं काय केलंय ते पाहण्यासारखं आहे. मूळ ग्रंथात तिच्याविषयी एक वाक्य: तिचे डोळे निस्तेज होते, राहेल मात्र सुंदर होती. शतकानुशतकं भाष्यकार त्या डोळ्यांवर खल करत आले. कुणी म्हणालं रडून रडून गेले, कुणी म्हणालं मुळातच अधू. कादंबरीतली दीना आल्या आल्या हे मोडीत काढते. आईची नजर चांगली तीक्ष्ण होती, एक डोळा निळा होता आणि एक हिरवा, आणि तिच्याकडे रोखून बघणाऱ्यालाच नजर खाली घ्यावी लागे; अधूपणाची अफवा त्या लोकांनीच उठवली. जी नजर पेलत नाही तिला कमजोर ठरवायचं, ही गावगप्पांची रीत लेखिकेला नेमकी ठाऊक आहे. आणि हे तिने भाष्य म्हणून लिहिलेलं नाही. मुलगी आईविषयी लोकांनी उठवलेली कंडी फणकाऱ्याने खोडून काढतेय, एवढाच त्याचा सूर आहे.

लग्नाच्या रात्रीच्या अदलाबदलीचंही तसंच. बायबलात लाबान राहेलऐवजी लेआला पाठवून जावयाला फसवतो. इथे जिल्पा राहेलच्या कानाशी लागून तिला पहिल्या रात्रीची अशी काही भीती घालते की पोरगी रडून आकांत करते, आणि बुरख्याआडून लेआ जाते. याकोबाला ते कळतं, आणि त्याची तक्रार नसते. सकाळी सासऱ्यापुढे त्याने जो संताप करायचा असतो तो नवराबायकोने आधीच ठरवलेला. एका पुराणकथेचं रूपांतर घरातल्या कटात होतं, आणि ज्याने एकत्र कुटुंबातलं लग्नघर आतून पाहिलंय त्याला ते मूळ कथेपेक्षा जास्त पटतं.

आता तंबू. पाळीच्या दिवसांत घरातल्या बायका, अमावास्येला, सगळ्या एकाच वेळी, तीन दिवस या लाल तंबूत जाऊन बसतात. बाळंतपणंही तिथेच. पुरुषाने आत यायचं नाही. बाहेरची कामं थांबलेली, आत गाणी, गोड खाणं, तेलमालीश, गोष्टी. लेकी मोठ्या होईपर्यंत त्यांना एरवी आत प्रवेश नाही; चौघींची एकुलती एक मुलगी म्हणून दीनाला मात्र लहानपणापासून आत घेतात, कारण गोष्टी पुढे न्यायला मुलगी लागते, मुलगे आपापल्या बापाच्या गोष्टी नेतात.

असा तंबू होता का? याला ऐतिहासिक पुरावा नाही, हे डायमंट यांनी स्वतःच सांगितलंय. जगात इतरत्र अशा झोपड्या आहेत, त्यावरून आपण तो रचला, असं त्या मोकळेपणाने म्हणतात. लेवीय पुस्तकाच्या १५व्या अध्यायात पाळी आलेल्या बाईच्या सात दिवसांच्या अशुद्धतेचे नियम आहेत, तिने कशाला शिवलं तर काय आणि तिच्या बिछान्याला कुणी शिवलं तर काय, सगळं तपशीलवार. तंबूचा उल्लेख नाही.

मराठी वाचक इथे अडखळतो, आणि अडखळावंच. आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत घरोघरी हा तंबू होता, फक्त त्याला कापड नव्हतं. कावळा शिवला की बाजूला बसायचं. वेगळं पांघरूण, वेगळं ताट, पाणी वरून घ्यायचं. पहिलं न्हाण आलं की त्याच मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गोडधोड करत, आणि कौतुक ओसरलं की पुढची तीसेक वर्षं दर महिन्याला कोपरा दाखवत. गडचिरोलीत माडिया गोंडांच्या गावांबाहेर कुर्माघरं, म्हणजे पाळीच्या दिवसांत राहायच्या झोपड्या, आहेत, त्यांच्या दुरवस्थेविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आलंय. तिथे रात्र काढणाऱ्या बाईला मालीश आणि गाणी यांच्याआधी साप-विंचवाचा विचार करावा लागतो. तेव्हा या लाल तंबूतलं स्वास्थ्य वाचताना ‘बाई, तुला कुठे माहीत आहे?’ असं तोंडावर येतं.

पण आपल्याच आजीला विचारा. ज्या पिढीने हे सोसलं त्यातल्या बायका वैतागाच्या यादीत एक वाक्य हमखास मिसळतात, की तेवढेच तीन दिवस पाठ टेकायची. सासू हाक मारत नसे, कारण मारून उपयोग नव्हता. विटाळाच्या अपमानातच ही सवलत दडलेली होती, आणि दोन्ही एकदम खरं होतं.

मला वाटतं, डायमंट यांनी नेमकी ती सवलत उचलली आणि अपमान बाहेर ठेवला. का, ते त्यांच्या टेबलाकडे पाहिल्यावर कळतं. १९९०च्या दशकातल्या अमेरिकी मध्यमवर्गीय बाईला विटाळ नव्हता, बंदी नव्हती. तिच्याकडे नव्हते ते तीन दिवस. स्तंभ द्यायची तारीख, मुलीची शाळा, घर, आणि या सगळ्याच्या फटीत लिहायची कादंबरी. तिने इतिहासात जाऊन काय बांधलं? जिथे कुणी काही मागत नाही, बायका एकमेकींना गोष्टी सांगतात आणि ती गोष्ट सांगणं हेच काम समजलं जातं, अशी जागा. वेळ न मिळणाऱ्या लेखिकेने बांधलेली ही रजा आहे. पुरातत्त्वाच्या तराजूत ती टिकत नाही. इच्छेच्या तराजूत मात्र तिचं वजन भरपूर आहे, आणि कादंबरीची ऊब सगळी तिथूनच येते.

शेजारी जर्मन कादंबरीकार टॉमस मान ठेवून पाहा. याच याकोबाच्या घराण्यावर त्यांनी १९२६ ते १९४३ अशी सोळा वर्षं खर्चून चार खंडांची ‘योसेफ आणि त्याचे भाऊ’ लिहिली. घरात सहा मुलं. सकाळी नऊ ते बारा अभ्यासिकेचं दार बंद, आणि त्या वेळात घरात आवाज होऊ नये ही जबाबदारी पत्नीची, कात्याची. जर्मनी सोडावी लागली, हस्तलिखित म्यूनिकच्या घरात अडकलं, ते जाऊन बाहेर काढलं थोरल्या मुलीने, एरिकाने. मान यांची बायबल-कादंबरीही कुटुंबावरच उभी होती, फक्त कुटुंब दाराच्या बाहेर उभं होतं. ज्याला बंद दार मिळालेलं आहे त्याला तंबू कल्पावा लागत नाही; मान यांच्या कादंबरीत काळाच्या तळापर्यंत उतरणारी प्रस्तावना आहे, देवाच्या उत्क्रांतीची चर्चा आहे, बाळंतिणीच्या खोलीतही निवेदकाचा विनोदी चष्मा आहे. दीना त्यांच्याकडेही येते. पण तिचं मूल तिथे जगू दिलं जात नाही. डायमंट यांच्याकडे ते मूल वाढतं, आणि कादंबरीचा उत्तरार्ध त्याच्यामुळेच उभा राहतो. मान यांची कादंबरी मोठी आहे यात वाद नाही. पण लहान मुलाचं काय झालं, हा प्रश्न कुणाला सुचला, याचीही नोंद घ्यायला हरकत नसावी.

बायबलची कथा घर सांभाळत लिहिणारी बाई आपल्याला नवी नाही. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं येशूच्या जीवनावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी अक्षरं गिरवली ती लग्नानंतर, आणि ज्यांच्या घरात स्वतःच्या मुलाबाळांबरोबर इतरांचीही पोरं जेवत. त्यांचं टेबल कुठे होतं, होतं का, हा एक वेगळा लेख आहे.

कादंबरीतला सर्वोत्तम प्रसंग मात्र ऊबदार नाही, धारदार आहे. उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायात राहेल बापाच्या गृहदेवता चोरते, उंटाच्या खोगिरात लपवते आणि वर बसून राहते. लाबान झडती घ्यायला येतो तेव्हा ती म्हणते, मला उठता येत नाही, बायकांचं चाललंय. बायबलच्या कथाभागात पाळीचा हा असा दुर्मीळ उल्लेख, आणि तोही सबब म्हणून, बहुधा खोटी. डायमंट यांनी सबबीचं शस्त्र केलंय. लाबान तंबूत घुसतो, जिथे पुरुषाने पाऊल ठेवायचं नाही. राहेल काही लपवत नाही. देव मीच घेतलेत, त्यांच्यावर मी बसलेय आणि ते माझ्या विटाळात भिजलेत, आता न्यायचे असतील तर ने, अशा अर्थाचं ती तोंडावर सांगते. म्हातारा आल्या पावली थरथरत परत जातो. ज्या नियमाने बाईला अस्पर्श ठरवलं त्याच नियमाचा उलटा दांडा करून बापाला हाणला. इथे तंबू रजेची जागा राहत नाही, किल्ला होतो, आणि मघाशी नोंदवलेल्या माझ्या मराठी हरकतीलाही इथे थोडं उत्तर मिळतं. असे प्रसंग पुस्तकात आणखी दोन असते तर मी ते आणखी मोठं म्हटलं असतं.

कारण शखेमच्या प्रसंगात लेखिका मऊ पडते. तिने बलात्कार पुसून टाकलाय. शालेम (राजपुत्राचं हे कादंबरीतलं नाव) आणि दीना एकमेकांवर भाळतात. ती राहेलबरोबर एक बाळंतपण करायला महालात गेलेली, त्याची आई, राणी रे-नेफेर, दोघांना एकत्र येऊ देते, आणि प्रेमाचे काही दिवस येतात. मग कत्तल. रात्री शेजारी निजलेल्या नवऱ्याच्या रक्तात दीना जागी होते. तशीच, रक्ताने माखलेली, बापाच्या तंबूंपुढे येते, एकेका भावाचं आणि याकोबाचं नाव घेऊन शाप देते आणि चालू लागते. शापाचं ते पान जबरदस्त आहे. पण त्याची किंमत मोजलेली आहे: दीना आपल्याला आवडावी आणि तिचा शाप निर्मळ असावा म्हणून तिचा प्रियकर देखणा आणि निर्दोष केलाय. भावांनी अब्रूच्या नावाखाली खून केले हे ठसवायला बलात्कार खोटा ठरवण्याची गरज नव्हती. बलात्कार खरा आणि कत्तलही घृणास्पद, या दोन्ही गोष्टी एकत्र पेलणारी दीना लिहायला जास्त अवघड होती. ती लिहिली गेलेली नाही. पुरुषांचंही तसंच, योसेफ सोडला तर भाऊ म्हणजे दाढ्यांची रांग आहे.

मिसरमधला उत्तरार्ध अनेकांना ओसरलेला वाटतो. मला तो पहिल्यापेक्षा प्रौढ वाटतो. तिथे लाल तंबू नाही, चार आया नाहीत. रे-नेफेर सुनेला थेब्जला भावाच्या घरी आणते, नातवाचं नाव स्वतः ठेवते आणि दीनाने त्याची दाई म्हणून राहावं अशी व्यवस्था करते. मुलगा आजीला आई म्हणतो. दीना दूध पाजते आणि गप्प बसते. आणि मुलगा लेखनिकांच्या शाळेत जायच्या वयाचा झाला की तोही जातो. अमेरिकी कादंबरीतलं मातृत्व बहुतेकदा निर्णयाने चालतं. हे तडजोडीने चालतं, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या अटींवर. आपल्या आज्यांना ते कळलं असतं.

मग दीना पुन्हा सुईण होते, आणि इथे गृह्यसूत्रकाराचा हात परत दिसतो. सुरी, दोरा, तेलं, वनस्पती, आणि विटा. वेणा देणारी बाई विटांवर पाय ठेवून उकिडवी बसते, मागून एक जण तिला धरते. या विटा लेखिकेच्या कल्पनेतल्या नव्हेत. मिसरच्या लिखाणात त्यांचे उल्लेख आहेत, आणि कादंबरी निघाल्यानंतर चारेक वर्षांनी, २००१ मध्ये, दक्षिण अबायडॉसच्या उत्खननात अशी एक रंगवलेली वीटही सापडली, तिच्यावर बाळाला हातात घेतलेली आई. बाळंतपणाचे प्रसंग पुस्तकात पुष्कळ आहेत, पण एकासारखा दुसरा नाही. कुठे मूल अडलेलं, कुठे आई दगावते, कुठे सगळं इतकं सहज होतं की सुईणीलाच रिकामं वाटतं. तंबू कल्पनेचा असेल, विटा खऱ्या आहेत, आणि त्या सुईणीच्या हातात योग्य जागी ठेवलेल्या आहेत.

शेवटाकडे योसेफ दीनाला मरणाऱ्या बापाच्या मुक्कामी घेऊन जातो. याकोब सगळ्यांना आशीर्वाद देतो. तिची आठवणही काढत नाही. याकोबाच्या घरात आपण विसरलो गेलो असं ती धरून चालते. तिथेच तिला भावाची, बन्यामीनाची, मुलगी गेरा भेटते. समोर कोण बसलंय हे पोरीला माहीत नाही. ती बडबडत घराण्याच्या गोष्टी सांगते आणि त्यात दीनाचीही सांगते, बायकांमध्ये ती कशी अजून सांगितली जाते ते. स्वतःची गोष्ट परक्या म्हातारीसारखी बसून ऐकण्याचा हा प्रसंग लेखिकेने किती कमी शब्दांत आटोपलाय! दीना ओळख देत नाही. पोरीला अडवत नाही. एखाद्या तपशिलात चूक असली तरी दुरुस्त करत नाही.

पुस्तकाचं पुढे जे झालं तेही कादंबरीच्याच वळणावर गेलं. १९९७ मध्ये समीक्षकांनी फारशी दखल घेतली नाही. न खपलेल्या प्रती प्रकाशक लगद्याला पाठवणार होते. डायमंट यांनी सुचवलं की त्यापेक्षा त्या स्त्री रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पाठवा. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथात पहिली स्त्री रब्बी, सॅली प्रीसँड, १९७२ साली झाली होती. पाव शतकात त्यांची संख्या बरीच वाढलेली. त्यांनी पुस्तक वाचलं, त्यावर प्रवचनं दिली, वाचनमंडळांत नेलं. जाहिरात न होता, एकीने दुसरीला सांगत, ते खपाच्या याद्यांत पोहोचलं, आणि २०१४ मध्ये त्यावर दोन भागांची दूरचित्रवाणी मालिकाही आली. दरम्यान वाचक बायकांनी आणखी एक गोष्ट केली. अमेरिकेत आणि बाहेरही, घराच्या दिवाणखान्यात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये लाल कापडं टांगून, महिन्यातून एकदा जमायला सुरुवात केली, आणि त्याला रेड टेंटच म्हणू लागल्या. ज्या तंबूला इतिहासात पुरावा नव्हता त्याचा आता भरपूर पुरावा आहे, आणि तिथे तीन दिवस कुणालाच मिळत नाहीत; मिळते ती एक संध्याकाळ.